दहा मिनिटांचं पाणी

महागू बहेकाराचा 'हौ' सालईटोल्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. समोरचा माणूस काही सांगत असला की महागू मान खाली घालून ऐकायचा, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि शेवटी म्हणायचा, "हौ." ऐकणाऱ्याला कळायचं की याने आपलं एक अक्षर मानलेलं नाही. किरनापूरच्या बाजारातून आणलेलं मीठ तो घरी येऊन पुन्हा तोलायचा. पोस्टाचं कार्ड आलं की आधी उलटसुलट करून पाहायचा, वाटेत कुणी वाचलं तर नाही ना म्हणून. कार्ड उघडंच असतं, ज्याला वाटेल तो वाचतो, हे त्याच्या बायकोने, शांताबाईने, वीस वर्षं सांगून पाहिलं. तिलाही तोच 'हौ' मिळाला.

एवढ्या संशयावर माणूस जगतो कसा, असं कुणालाही वाटेल. पण महागू चांगला जगत होता. बायको होती, अकरा बांध्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या अकरा वाफ्यांचं, धानाचं शेत होतं आणि साधना नावाची एकुलती एक मुलगी होती. सन पासष्टच्या फाल्गुनात, म्हणजे दिवाळीनंतर चारच महिन्यांनी, साधनाचं लग्न ठरलं होतं. वरात लांजीकडून येणार होती.

आता बहेकारांच्या घरची एक रीत होती. घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाच्या पंगतीत घरच्या शेतातला चिन्नोर शिजायचा. महागूच्या आत्याच्या लग्नात शिजला, दोन्ही बहिणींच्या लग्नात शिजला. त्या भाताचा वास मांडव ओलांडून रस्त्यावर जायचा आणि वऱ्हाडी मंडळी आधी नाकाने जेवायची, मग तोंडाने. चिन्नोर हे भारी धान, उशिरा पिकणारं, शेवटपर्यंत पाणी मागणारं. महागू ते अकराव्या बांधीत लावायचा. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत उतरत सगळ्यात शेवटी तिथे पोचायचं.

त्या वर्षी पावसाने हस्त नक्षत्रातच पाठ फिरवली. दिवाळी आली तेव्हा तलावात दोनच पाळ्यांचं पाणी उरलं होतं आणि चिन्नोरची लोंबी नुकती कुठे बाहेर डोकावत होती. त्या दोन पाळ्यांत अकरावी बांधी भरली तर साधनाच्या पंगतीत घरचा भात. नाही भरली तर लांजीच्या लोकांसमोर बाजारचा तांदूळ वाढायचा. महागूला त्या विचारानेच अन्न गोड लागत नव्हतं.

तलावाचं पाणी वाटायचं काम दादाजी मेश्रामकडे होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे आणि त्याच्या आधी आजाकडे. पाणी वाटणाऱ्याला तिकडे पाणकर म्हणतात. तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावर, दादाजीची सागाची एक काठी रोवलेली असायची आणि तिच्याभोवती तीन गोल दगड. काठीची सावली पहिल्या दगडावर आली की दिवसाचा पहिला पहर संपला, दुसऱ्यावर आली की दुसरा, तिसऱ्यावर आली की तिसरा आणि सूर्य बुडाला की चौथा. रातचे चार पहर दादाजी ताऱ्यांवर मोजायचा. पाण्याचे वाटेकरी आठ. दर सोमवारी पाणी सुटायचं, चौघांना दिवसाचा एकेक पहर, चौघांना रातीचा. पुढच्या सोमवारी अदलाबदल, दिवसवाले रातीवर आणि रातवाले दिवसावर. आजाच्या काळापासून हे असं चाललं होतं आणि महागूची अकरावी बांधी आजवर एकदाही कोरडी गेली नव्हती. पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. न बिघडलेल्या गोष्टी संशयी माणसाच्या लक्षात राहत नाहीत.

त्याच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. दिवाळीच्या चार दिवस आधी तो पारीवरून बैल घेऊन येत होता, तेव्हा त्याने दादाजीला वाकून दगड सरकवताना पाहिलं. इकडे तिकडे नजर टाकत नव्हता, उजळ माथ्याने सरकवत होता, आणि महागूला तेच जास्त खटकलं.

"दगड काहून सरकवून राह्यला गा?" त्याने विचारलं.

"सूर्य सरकला ना भाऊ," दादाजी म्हणाला. "तो दक्षिणेले चालला. मंग दगडाले जागीच कसं ठेवू? दर पंधरवड्याले सरकवा लागते."

"हौ," महागू म्हणाला आणि बैल हाकत घरी आला. सूर्य सरकला म्हणे. सूर्यावर ढकलायला काय लागतं? सूर्य काही पंचायतीत येऊन साक्ष देत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, महागूला आवडो की न आवडो. दादाजी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आधी तो खळ्याच्या बाहेर उभा राहून पाणकराच्या वाट्याचं धान ओंजळीत मागायचा. नंतर तो खळ्यात येऊन सरळ उभा राहायला लागला, पोतं पुढे करायला लागला आणि महागूला नुसत्या नावाने, पुढे भाऊ लावून, हाक मारायला लागला. महागूला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मले काय त्याचं, ज्याचा त्याचा धरम. पण दादाजीचं वाकणं बंद झालं त्याच सालापासून त्याचं पाणी मोजणं महागूच्या डोळ्यांत सलायला लागलं होतं. हे दोन्ही एकाच वर्षी कसं झालं, यावर मात्र त्याने कधी संशय घेतला नाही.

भाऊबीजेला शांताबाईचा भाऊ प्रेमलाल आला. तो बालाघाटजवळ मॅंगनीजच्या खाणीत कामाला होता आणि त्याच्या मनगटावर चकचकीत घड्याळ होतं. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि महागूने मेव्हण्याला अंगणात बाजूला घेतलं.

"प्रेमलाल, एका पहरात किती घंटे?"

"सीधा हिसाब हाये भाऊजी. दिवस आन रात मिळून चोवीस घंटे. पहर आठ. तीन घंट्याचा एक पहर."

"पक्का?"

"एकदम पक्का. काहून?"

"तुही घडी मले पंधरा दिवस देशीन का?"

प्रेमलाल हसायलाच लागला. मीठ दोनदा तोलणारा भाऊजी आता वेळही तोलणार म्हणून त्याला मजा वाटली. "न्या ना. आमच्या इथं खाणीचा भोंगा हाये, घडी तं माहा शौक हाये." त्याने महागूला लहान काटा, मोठा काटा, मिनिटं कशी मोजायची ते तीनदा शिकवलं. महागू चौथी शिकला होता, आकडे येत होते. तरी त्याने प्रेमलालला तीन वेगवेगळ्या वेळा लावून परीक्षा घ्यायला लावली. रोज सकाळी चावी द्यायची, हे त्याने शांताबाईलाही पाठ करून ठेवायला सांगितलं.

सोमवारी महागूची दिवसाची पाळी होती, दुसरा पहर. तो सकाळपासून पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसून राहिला. पारीवरून दादाजीची हाळी आली, "सुटलं होऽ!" महागूने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून तीन मिनिटं. पाणी पहिल्या बांधीत शिरलं. भेगाळलेली जमीन घटाघटा पीत होती, दुसऱ्या बांधीत उतरायलाच कितीतरी वेळ लागला. महागू एक डोळा पाण्यावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून धुऱ्याधुऱ्याने खाली सरकत गेला. वरच्या बांध्या एकदा तृप्त झाल्या की पाणी धावायला लागतं. ते अकराव्या बांधीत शिरलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. बांधी जेमतेम अर्धी ओली झाली असेल, तोच पारीवरून दुसरी हाळी आली. "बंद होऽ!"

घड्याळात बारा वाजायला सात मिनिटं कमी होती.

महागूने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. दोन तास पन्नास मिनिटं. त्याला राग आला आणि रागामागून, खोटं कशाला बोला, एक समाधानही आलं. आयुष्यभर ज्याचा वास येत होता ते शेवटी हाती सापडलं होतं.

तो ताडताड पारीवर गेला. दादाजी पाण्याच्या तोंडात लाकडी गुड्डा ठोकून ते बंद करून उठत होता.

"दादाजी, पहर किती घंट्याचा असते?"

"पहर पहराचा असते भाऊ. घंटे तुमचे."

"तीन घंट्याचा असते. तू मले दोन घंटे पन्नास मिनिटं देल्लं." महागूने मनगट त्याच्या नाकापुढे धरलं. "दहा मिनिटं कुठं गेली?"

दादाजीने घड्याळाकडे पाहिलं, मग महागूच्या तोंडाकडे. "दिवस लहान झाला ना, मंग दिवसाचा पहर लहान होतेच. दहा मिनिटं रातीकडं गेली. पुढच्या सोमवारी तुही रातची पाळी हाये. तवा मोज. दिवसाले कमी, रातीले जास्त, बराबर होते. माह्या बापानंच नाही, त्याच्या बापानं पन असंच वाटलं."

"हौ," महागू म्हणाला.

सगळं सरळ सांगितलेलं होतं. शाळेतल्या पोराला कळलं असतं. पण महागू घरी येईपर्यंत त्यातला एकच शब्द त्याच्या कानात घोळत राहिला. रातीकडं गेली. म्हणजे कुणाकडं? त्या रात्री पहिला पहर दुलीचंद सरपंचाचा होता. दुलीचंदाचं शेत तलावाला लागून, बैलजोड्या तीन, आणि पाणकराला खळ्यात सगळ्यात भरलेलं पोतं तोच द्यायचा. दादाजीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं! आणि वर म्हणे रातीला मोज. पुढच्या सोमवारपर्यंत गप्प बसावं म्हणून दाखवलेलं गाजर होतं ते. तोपर्यंत हा तारे पाहून काय सांगेल ते सांगेल, ताऱ्याला कोण घड्याळ लावणार?

संध्याकाळी तो भोजराज मास्तरांकडे गेला. घड्याळ बरोबर चालतं की नाही, एवढंच विचारायचं होतं. मास्तर भंडाऱ्याकडचे. त्यांच्याकडे इंग्रजीची एक जाडजूड डिक्शनरी होती आणि एखादा शब्द कुठून आला हे सांगायला लागले की पोरांची सुट्टी लांबायची. त्यांनी घड्याळ पाहिलं, बरोबर असल्याचं सांगितलं, दहा मिनिटांची हकिगत ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले.

"महागू, ज्याला तू घंटा म्हणतो त्याला इंग्रजीत अवर म्हणतेत. तो अवर कुठला आहे, माहीत आहे?"

"विलायतेचा असन."

"विलायतेत तो पाहुणा आहे. मूळचा ग्रीकांचा. त्यांचा शब्द होरा. आधी त्याचा अर्थ मोसम, ऋतू असा होता. मग दिवसाचा भाग असा झाला. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत बारा भाग करायचे, तो एक अवर. आता सांग, उन्हाळ्यातला दिवस मोठा, हिवाळ्यातला लहान. दोन्हीचे बारा भाग केले तर?"

महागूने सुपारी दुसऱ्या गालात सरकवली.

"उन्हाळ्यात अवर लांब, हिवाळ्यात आखूड! हजार-दीड हजार वर्षं त्या लोकांनी असाच वापरला, आणि कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. मग चाकांची घड्याळं आली. चाकाला ना ऊन दिसे, ना थंडी. त्याने सगळे अवर एका मापाने कापले. तुझ्या मनगटावर आहे तो हा नवा अवर. दादाजीच्या काठीला आहे तो जुना." मास्तर आता रंगात आले होते. "आणि आपल्या पंचांगात होरा असतो ना? तो हाच शब्द. ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून आला."

"म्हंजे आपन त्याहीचा चोरला?"

"चोरला काय, घेतला. आपले जुने पंडित तर म्हणत, हा आमचाच आहे. अहोरात्र हा शब्द घे. अहोरात्र म्हणजे दिवस आणि रात्र मिळून. त्यातलं पहिलं अक्षर काढ, शेवटचं काढ, मधात होरा उरतो."

"दोघंही आपलाच म्हनतेत?"

"हो."

"मंग दोघातला एक खोटा हाये," महागू म्हणाला. हाच काय तो बोध त्याने त्या सगळ्या विद्येतून घेतला.

मास्तर हसले. "आणि आपण तास म्हणतो, तो फारसीतला. तास म्हणजे वाटी, थाळी. थाळीवर ठोका मारून वेळ सांगत. सगळ्यांनी सगळ्यांकडून घेतलंय बाबा. तू एवढं ऐक, दादाजी चोर नाही. एक रात्र मोजून पाहा आणि मग बोल."

पुन्हा रात्र. महागूने मान वर करून मास्तरांकडे नीट पाहिलं. मास्तरांची खोली दादाजीच्या घरापासून चार घरांवर होती. आजारी पडले तेव्हा दादाजीच्या बायकोने, सीताने, त्यांना आठ दिवस पेज नेऊन दिली होती. महागूच्या सगळं लक्षात आलं.

"हौ," तो म्हणाला आणि उठला.

गुरुवारी शाळेच्या ओसरीत गाव बसलं. महागूने घड्याळ सगळ्यांसमोर ठेवलं, दगड सरकवल्याचं सांगितलं, दहा मिनिटांचं सांगितलं आणि शेवटी दुलीचंदाचं नाव न घेता म्हणाला, "गेलेलं पानी ज्याच्या बांधीत गेलं त्याले ठाऊक हाये." सगळ्यांच्या माना दुलीचंदाकडे वळल्या.

दुलीचंद मोठा शहाणा माणूस. तो चिडला नाही. "माह्यावर बालंट नको बाप्पा," तो म्हणाला. "घडी आली हाये तं घडीनंच होऊ द्या. या सोमवारपासून दिवस असो का रात, सगळ्याले तीन-तीन घंटे. बोला, कोनाले खोट हाये?"

कुणालाच हरकत नव्हती. तीन म्हणजे तीन, इतकं स्वच्छ दुसरं काय असणार? मास्तर उभे राहून म्हणाले, अर्धा फेरा झालेला आहे, निदान तो जुन्या मापानेच पुरा करा. पण मास्तर परगावचे, त्यांचं शेत नव्हतं, आणि शेत नसलेल्या माणसाच्या बोलण्यात काय पाणी असणार, असं म्हणून लोक हसले.

दादाजी एवढंच म्हणाला, "बोलून झालं माहं. महागूभाऊनं ऐकलं होतं." मग तो उठून तलावाकडे गेला आणि सगळे त्याच्यामागे गेले, काय करतो ते पाहायला. त्याने काठी दोन्ही हातांनी हलवून उपटली आणि खांद्यावर टाकली. तीन दगड उचलले, एकेक करून महागूच्या हातात दिले. "हे तू ठेव," तो म्हणाला. "इथं राह्यले तं कोनी म्हनन, दादाजीनं राती येऊन सरकवले." महागूने दगड घेतले. हात ओंजळीसारखे झाले होते आणि ते त्याला बरं वाटलं नाही, पण त्याने तो विचार झटकून टाकला.

पुढच्या सोमवारी प्रेमलालचं घड्याळ पारीवर दुलीचंदाच्या गड्याच्या हातात होतं. दिवसा दुलीचंदाची पाळी होती. महागू वाटेने जाता जाता पाहत होता, दुलीचंदाच्या शेवटच्या बांधीतून पाणी उतू जाऊन नाल्यात पडत होतं. रातीला महागूची पाळी झाली, घड्याळाने, बरोबर तीन तास. तो धुऱ्यावर कंदील घेऊन बसला होता, पण कंदिलाच्या उजेडात अकराव्या बांधीचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

ते सकाळी दिसलं. बांधीचा वरचा भाग चकाकत होता. खालचा कोपरा, चार खाटा मावतील एवढा, कोरडा ठणठणीत होता आणि तिथल्या भेगेत महागूचं बोट मुळापर्यंत गेलं. आठवडाभरात त्या कोपऱ्यातल्या लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या.

शांताबाई बांधावर उभी राहून ते पाहत होती. "अजी," ती म्हणाली, "घडीनं तं पुरे तीन घंटे देल्ले ना? मंग हा कोपरा काहून सुकला?"

तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. महागू तिथून उठला तो तडक मास्तरांकडे गेला. मास्तरांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, कागद काढला.

"जुनं माप असतं तर तुला दिवसाचे दोन तास पन्नास मिनिटं आणि रातीचे तीन तास दहा मिनिटं. किती?"

"सहा."

"आता तुला दिवस मिळाला जुन्या मापाने आणि रात मिळाली नव्या मापाने. दोन पन्नास आणि तीन. किती?"

महागूने ओठ हलवले. "पाच घंटे पन्नास."

"दुलीचंदाला आधी रात मिळाली, जुन्या मापाची, तीन तास दहा. मग दिवस मिळाला घड्याळाचा, पुरा तीन. सहा तास दहा मिनिटं." मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुझी दहा मिनिटं दुलीचंदाकडे गेली, महागू. तेव्हा नव्हती गेली. आता गेली."

महागूने कागद उलटून पाहिला नाही, पुन्हा बेरीज करायला सांगितली नाही. त्याला रडू येत होतं आणि चाळीस वर्षांच्या माणसाने मास्तरांसमोर रडायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. साधनाच्या पंगतीतला भात त्याने आपल्या हाताने दुलीचंदाच्या नाल्यात सोडला होता. आणि एका सरळ माणसाला सगळ्या गावासमोर चोर ठरवलं होतं. त्या क्षणी दुसरी गोष्ट त्याला पहिलीपेक्षा जड वाटली, आणि याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

तो त्याच पावली दुलीचंदाच्या ओसरीवर गेला. तिथे चार-पाच जण बसले होते. महागूने सगळं सांगितलं. जसं जमलं तसं, अडखळत, कागद हातात धरून सांगितलं. माही चूक झाली, दादाजीचं माप खरं होतं, काठी त्याले वापस द्या.

दुलीचंदाने कागद हातात घेतलाही नाही. "घडी कोनं आनली? तू. दादाजीले चोर कोन म्हनलं? तू. आता काठी पायजे?" त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. "दादाजीनं तुले काय देतो म्हनलं गा, महागू? पुढच्या साली दोन पाळ्या जास्तीच्या?"

"कायी नाही देल्लं! मी खरं सांगून राह्यलो."

"हौ," दुलीचंद म्हणाला.

"हौ," बसलेले चार-पाच जणही म्हणाले, एकामागून एक, आणि एकाने सुपारी गालात सरकवली.

महागूने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. दुलीचंदाला हे गणित त्या गुरुवारीच ठाऊक होतं की काय, हा संशय त्याच्या मनात आला. पण तो बोलून दाखवायची आता सोय राहिली नव्हती. ऐकणार कोण?

घरी येऊन त्याने कोनाड्यातले तीन दगड काढले, गमछ्यात बांधले आणि दादाजीच्या घरी गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या अंगणात पाय ठेवत होता. दादाजी खाटेवर बसून दोर वळत होता. ती सागाची काठी वालाच्या वेलाला आधार म्हणून जमिनीत रोवलेली होती आणि वेल अर्ध्यापर्यंत चढला होता. सीता दारात आली आणि तिथेच थांबली. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"दादाजी," महागू म्हणाला, "मी चुकलो गा. तू पहिल्याच दिवशी खरं सांगतलं होतं. मी मानलं नाही. माही बांधी सुकली, ते जाऊ दे. तुह्यं नाव गेलं माह्यापाई. मी दुलीचंदाकडे जाऊन सांगतलं. नाही आयकलं त्यायनं. पन मी सांगत राहीन." त्याने गमछा सोडून दगड खाटेच्या पायाशी ठेवले. "हे तुहे. तू काठी पुन्हा रोव."

दादाजीने दोर बाजूला ठेवला. त्याने महागूच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे, मग हातांकडे, मग रिकाम्या गमछ्याकडे. महागू ती नजर ओळखत होता. मिठाच्या पुडीकडे तो तसंच पाहायचा.

"कोनं पाठवलं तुले?" दादाजीने विचारलं. "दुलीचंदानं?"

"नाही गा. आपल्या मनानं आलो."

"हौ," दादाजी म्हणाला.

मग तो वाकला, दगड उचलले आणि एकेक दगड उजेडात धरून, उलटा करून, अंगठ्याने चाचपून पाहू लागला, तेच आहेत ना म्हणून.